विश्लेषण : छोट्या विमानाची इंधनटाकी घरी कशी बनते? उडताना इंजिन बंद पडण्यात टाकीचा दोष किती?

दोन बारीक तारांच्या टोकाला बांधलेले आणि उडवणाऱ्याभोवती घिरट्या घालणारे मॉडेल विमान एनसीसीच्या एअर विंगमध्ये असलेल्यांनी पाहिले असेल. याला कंट्रोल लाइन म्हणतात. असे विमान ऐन कसरतीत गप्प झाले की आधी ग्लो प्लगवर संशय जातो, मग कार्ब्युरेटरच्या सुईवर. टाकीकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक तिचा आकार आणि आतल्या नळ्यांची टोके यांवर बरेच काही ठरते.

टाकी म्हणजे नुसता डबा का नव्हे?

या छोट्या इंजिनांना बहुधा इंधनपंप नसतो. कार्ब्युरेटरमधून जाणारी हवा जेवढे ओढून घेईल तेवढेच इंधन मिळते आणि ही ओढ फार कमी असते. त्यात विमान गोल फिरते. २० मीटर लांबीच्या तारांवर साधारण सव्वापाच सेकंदांत एक फेरी होत असेल, तर इंधन गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास तिप्पट जोराने बाहेरच्या बाजूला फेकले जाते. म्हणून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे टोक टाकीच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यात ठेवतात आणि टाकीही त्या बाजूला पाचरीसारखी निमुळती करतात. विमान उलटे झाले तरी बाहेरची बाजू बाहेरच राहते, त्यामुळे पुरवठा तुटत नाही.

शर्यतीच्या विमानांत हे गणित आणखी अवघड होते. ‘एफ२सी’ या आंतरराष्ट्रीय टीम रेसिंग प्रकारात १५.९२ मीटर त्रिज्येच्या १०० फेऱ्या, म्हणजे १० किलोमीटर अंतर असते. ताशी २०० किलोमीटर वेगाला इंधनावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट होतो. या प्रकारात टाकीच्या मापावर दीर्घकाळ ७ घनसेंटिमीटरची मर्यादा होती. दीड चमच्याहून कमी!

‘युनिफ्लो’ने काय साधते?

साध्या टाकीत हवेची नळी इंधनाच्या पातळीबाहेर उघडते. टाकी भरलेली असताना इंधनाचा दाब जास्त असतो, रिकामी होत जाते तसा तो घटतो. तिप्पट जोरामुळे ५ सेंटिमीटर रुंद टाकीत हा फरक जमिनीवरच्या १५ सेंटिमीटर उंचीइतका पडतो. परिणामी शेवटच्या फेऱ्यांत मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि कधी थेट थांबते.

युनिफ्लो टाकीत हवेच्या नळीचे टोक इंधननळीच्या टोकाजवळच, इंधनात बुडलेले असते आणि भरण्याची वाट उडताना बंद ठेवतात. हवा त्या बुडालेल्या टोकातूनच आत येत असल्यामुळे तिथला दाब जवळपास शेवटपर्यंत तोच राहतो. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ मॅरिऑट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाटलीचे हेच तत्त्व. एक जास्तीचे छिद्र उघडे राहिले, तर सगळी मेहनत वाया.

घरी बनवतात कशी?

आधी जाड कागदाचा साचा करून तो विमानाच्या नाकात बसतो का ते पाहायचे. मग डब्याचा कथिलाचा मुलामा असलेला पातळ पत्रा त्या मापाने कापून, वाकवून, सांध्यांना डाख द्यायचा. सुमारे ३ मिलिमीटरच्या पितळी नळ्या आत घालून त्यांची टोकेही आतून पक्की करायची. नाहीतर थरथरीने त्या तुटतात आणि बंद टाकीत ते दिसतही नाही. आम्लयुक्त फ्लक्स वापरला असेल, तर टाकी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावी, नाहीतर गंज चढतो. शेवटी एक सोडून सर्व नळ्या बंद करून टाकी पाण्यात बुडवायची आणि फुंकर मारायची. बुडबुडा आला की गळती कुठे ते कळते. एकदा इंधन भरलेल्या टाकीला मात्र घरी पुन्हा डाख देऊ नये. वाफा पेट घेतात.

रेडिओवर उडणाऱ्या विमानासाठी पॉलिथिनची छोटी बाटली पुरते. आत मऊ सिलिकॉन नळीला पितळी वजन लावतात, ते इंधन असेल तिकडे घरंगळत जाते. नळी मागच्या भिंतीला टेकू नये, थोडी आखूडच असावी. पेट्रोलच्या इंजिनाला सिलिकॉन नळी चालत नाही, ती फुगते.

टाकी फोममध्ये गुंडाळली की थरथरीने इंधनाला फेस येत नाही. विमान उलटे असताना वेगाने फिरत असेल, तर टाकी थोडी खाली सरकवावी. सरळ असताना वेगाने फिरत असेल, तर वर.

धोका कुठे आहे?

ग्लो इंधनात प्रामुख्याने मिथेनॉल असते, सोबत तेल आणि थोडे नायट्रोमिथेन. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही आणि पोटात गेल्यास ते दृष्टी किंवा प्राण घेते. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभरहून अधिक जणांचा बळी घेणाऱ्या दारूत हेच होते. घरात मुले असतील तर उरलेले इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. मूळ डब्यात, नाव लिहून, कुलपात ठेवावे. टाकीतले उरलेले इंधनही त्याच दिवशी काढावे, कारण मिथेनॉल हवेतील ओल शोषते आणि पत्रा आतून गंजू लागतो.