कूलर लावण्यापूर्वीं

होळी झाली कीं नागपुराकडील घरांत माळ्यावरचा कूलर खालीं उतरतो. बाजूंच्या ताट्यांतील गवत क्षारांनीं पांढरें पडलेलें असतें. तेंच झटकून पुन्हां वापरण्याची काटकसर आम्हांस मान्य नाहीं. ओल्या गवतांतून हवा खेळली, पाण्याची वाफ झाली, तरच गारवा. बुजलेल्या गवतांतून हवा शिरणार कोठून?

परंतु खरी काळजी विजेची. पत्र्याचें अंग आणि पाण्यांत बुडालेला पंप! तारेचें आवरण फाटलें कीं साऱ्या पत्र्यांत वीज उतरते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाच्या तें जिवावर बेततें. म्हणून अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावें; ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविल्यास उत्तम. पाणी भरतांना नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, पिनच काढावी. हें काम एकाच जाणत्या माणसाकडे असावें. मोठ्या कुटुंबांत पाणी कोणीहि भरतो, पिन मात्र कोणीच काढीत नाहीं.

टाकी आठवड्यास रिकामी करून आंतून घासावी. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडीं चिकटवितो, आणि तीं कोरडींहि कित्येक महिने तग धरतात.