आयडी विकलेला नायक

सुरतेत लिंबायतच्या एका खोलीत, रात्रपाळी नसली की चार पोरं मोबाईल आडवे धरून बसतात. घरं मूळची धुळे-नंदुरबारकडची, काम लूमवर नाहीतर साड्यांच्या मार्केटात. आपसांत अहिराणी, मॅच सुरू झाली की हिंदी. मी बीजीएमआय या मोबाईल गेमवरून कादंबरी लिहितोय हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून वही घेऊन कोपऱ्यात बसू देतात.

मॅच जशीच्या तशी कागदावर उतरत नाही. विमानातून शंभर जण एरांगेलच्या बेटावर उड्या मारतात, झोन आवळत जातो, शेवटी एकच स्क्वॉड उरतो. खेळणाऱ्याची छाती धडधडते, वाचणाऱ्याला दुसऱ्या पानावर जांभई येते. मेलेला गडी पुढच्या मॅचला पुन्हा विमानात हजर! कादंबरीत मरणाची काहीतरी किंमत मोजावी लागते, आणि ती पडद्याबाहेरच शोधावी लागते.

मला ती आयडीच्या विक्रीत सापडली. नियमात बसत नाही, तरी पोरं आयडी विकतात. जमवलेल्या स्किन, चढवलेली रँक, दोस्तांची यादी, सगळं पासवर्डासकट दुसऱ्याच्या हवाली. यांच्यातल्या एकाने घरी पैसे पाठवायचे म्हणून विकला. पुढे एका रात्री त्याच्या जुन्या नावाने कुणीतरी ऑनलाइन आलं. बाकीच्यांनी सवयीने स्क्वॉडमध्ये घेतलं. माइक चालू झाला तर आवाज भलत्याचाच. आयडीचा पहिला मालक शेजारीच बसून बघत होता. तो गडी नॉक होऊन गुडघ्यांवर आला, तेव्हा हाच ओरडला, “मला उचला रे!”

कादंबरीचं निवेदन मी तिथेच ठरवलं. ‘माझं पात्र पडलं’ असं खेळणारा कुणीच म्हणत नाही. म्हणून विकणाराही ‘मी’, घेणाराही ‘मी’, आणि नाव दोघांचं एकच. कोण बोलतंय हे वाचकाने बोलीवरून ओळखायचं.

गेमवरच्या कादंबऱ्या नेमकं हेच टाळतात, असं मला वाटतं. ‘असॅसिन्स क्रीड’ या गेममध्ये आजच्या काळातला डेस्मंड यंत्रात पडून पूर्वजाच्या आठवणी जगतो. त्यावरच्या ऑलिव्हर बोडेनच्या ‘रेनेसान्स’ (२००९) या कादंबरीत फक्त पूर्वज एत्सिओ उरला, डेस्मंड गळाला. साहसकथा सुटसुटीत झाली खरी, पण दुसऱ्याच्या अंगात शिरून जगणारा माणूसच हरवला.

काळाची चौकट मात्र आयती मिळाली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ अॅप बंद केली, त्यात पबजी मोबाईल होता. २ जुलै २०२१ रोजी त्याच्या जागी बीजीएमआय आला आणि जुनी खाती त्यात आणता आली. जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला, मे २०२३ मध्ये परतला. नाव आहे, उभं राहायला जमीन नाही, असे ते महिने. कादंबरीचा मधला भाग त्यातच घडतो. तिथे एकही गोळी सुटत नाही.

गेम क्राफ्टन या कोरियन कंपनीच्या मालकीचा. परवान्याशिवाय त्यातली नावं वापरून कादंबरी छापण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. त्यामुळे पक्क्या प्रतीत बेट, बंदुका, गेमचं नाव, सगळं बदललंय. लिंबायत तेवढं तेच आहे. ओळखीच्या बंदुका शोधायला बसणाऱ्याने ही कादंबरी विकत घेऊ नये.