बोथट साखळीचा घात

वळवाचा पाऊस झोडपून गेला, की लातूर-नांदेड रस्त्यावर कुठे कडुलिंब आडवा झालेला असतो, कुठे बाभूळ. वाहतूक खोळंबते आणि झाड तोडायला पेट्रोलवरचा, साखळीचा कटर येतो. घाईघाईत टाकीत पेट्रोल आहे का ते पाहिलं जातं. साखळीची धार तपासायची मात्र राहून जाते. अपघाताची सुरुवात नेमकी तिथून होते.

बोथट साखळीने निदान हात तरी कापणार नाही, हा समज जीवघेणा आहे. धारदार साखळी लाकडात आपसूक शिरते. बोथट साखळी दाबावी लागते. माणूस अंगाचा भार टाकतो, हात भरून येतात, साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीवरचा ताबा सुटतो. अशा वेळी पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला, तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर धावत असते. मान बाजूला घ्यायलाही सवड मिळत नाही.

धार गेल्याचं भुशावरून कळतं. जाड कपच्या उडत असतील तर साखळी ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला, की थांबायचं. काप एका बाजूला सरकत असेल, तर त्या बाजूचे दाते नि दुसऱ्या बाजूचे दाते सारखे राहिलेले नाहीत.

मराठवाड्यात धार लवकर जाण्याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. बाभळीचं लाकूड चिवट आणि कठीण. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे रुतलेले, बांधावरच्या खोडांत कुंपणाची तार गडप झालेली. उन्मळलेल्या झाडाच्या बुंध्याला काळी माती चिकटलेली असते. फिरती साखळी मातीला क्षणभर टेकली तरी दाते बोथटतात. म्हणून आधी खोड झाडून, खिळे-तार पाहून मगच मशीन लावावी.

आजच्या साखळीचा दाता अमेरिकेतल्या ओरेगॉनमधील जोसेफ कॉक्स यांना १९४६ मध्ये एका ओंडक्यात पाहिलेल्या भुंग्याच्या अळीवरून सुचला. अळी डावी-उजवीकडे लाकूड कुरतडत पुढे जात होती. साखळीचे दातेही आलटून-पालटून तसेच डावे-उजवे असतात. त्यामुळे धार लावताना दोन्ही बाजूंना सारखाच हात चालला पाहिजे.

इंजिन बंद, मशीन थंड आणि स्पार्क प्लगची टोपी काढलेली; हातात जाड हातमोजे. गोल कानस साखळीच्या मापाचीच हवी, बहुतेक लहान मशीनना ४ किंवा ४.८ मिलिमीटरची लागते. पहिल्या दात्यावर खडूची खूण करून एका बाजूचे सगळे दाते घासावेत, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. कानस आतून बाहेर ढकलायची, मागे ओढताना उचलायची. प्रत्येक दात्याला दोन-तीन सारखे फटके. बहुतेक साखळ्यांना कोन तीस अंशांचा. दात्यापुढचा उंचवटा धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. तो जास्त घासला तर दाता खोल अडकतो आणि उसळी वाढते.

थंड साखळी पट्टीच्या खालच्या कडेला टेकलेली, पण हाताने सहज सरकणारी असावी. तापल्यावर ती लांबते, म्हणून कामात मधूनमधून इंजिन बंद करून ताण तपासायचा. काम संपल्यावर तो थोडा सैल करायचा, नाहीतर थंड होताना आकसलेली साखळी पट्टीवर ओढ आणते. मराठवाड्यातल्या उन्हात पातळ तेल साखळीवर टिकत नाही. जुनं इंजिन ऑइल तर मुळीच घालू नये. धार दात्यावरच्या झिजेच्या खुणेपर्यंत पोचली, की नवी साखळी घ्यावी.