देवी काढणें आणि ख्रिस्ती धर्ममत

जुन्या कागदांत 'देवी काढणें' हा प्रयोग आढळल्यास प्रथम साल पाहावें. गाईच्या देवीची लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें मुंबईस आली व ता. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील हें पहिलें यशस्वी लसटोंचणें होय. तत्पूर्वीं देवी काढीत त्या माणसाच्याच फोडांतील द्रव्य घेऊन.

हा भेद न पाळल्यानें ख्रिस्ती धर्माविषयीं गैरसमज होतो. त्या धर्मानें लस निषिद्ध मानिली याचा पुरावा म्हणून एडमंड मॅसी या पाद्र्याचें लंडन येथील प्रवचन दाखवितात. रोग ही ईश्वरानें पाठविलेली परीक्षा किंवा शिक्षा. ती मनुष्यानें आपण होऊन लावूं नये, असें त्याचें म्हणणें. परंतु तें प्रवचन १७२२ चें, जेन्नरचा ग्रंथ १७९८ चा. मॅसीचा आक्षेप मानवी देवी टोंचण्यावर होता. त्यांत कांहीं माणसें दगावत व सांथही पसरे. आदल्याच वर्षीं बोस्टन येथें कॉटन मॅदर या पाद्र्यानें त्याच उपायाचा पुरस्कार केला होता, व त्यापायीं त्याच्या घरावर बाँबही फेंकण्यांत आला. दोघांचें शास्त्र एकच. तेव्हां विरोधाचें मूळ केवळ शास्त्रांत शोधूं नये, असें आमचें मत आहे.

मराठींत तर रोगाचें नांवच देवी. वैद्यकांतील 'मसूरिका' हें नांव मसुरीसारख्या पुटकुळ्यांवरून पडलें. त्यांत दैवत नाहीं. मराठी ख्रिस्ती माणसाच्या लिखाणांत 'देवी' शब्द आला, एवढ्यावरून तो शीतलेस मानी असें ठरवूं नये. संग्राहकांनीं अशा कागदाची नोंद करितांना साल, आणि टोंचलेलें द्रव्य माणसाचें कीं गाईचें, हीं दोन्ही अवश्य लिहावींत.

मुकुटबन, जि. यवतमाळ