कुरजांचे दोन ऋतू, दोन वाटा

राजस्थानात, थरच्या वाळवंटात, फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. पर्युषण पर्वाच्या सुमारास तेथील आकाशात ओळखीची साद घुमू लागते आणि गावकरी माना उंचावून पाहतात. कुरजा आल्या! हिवाळाभर हे पाहुणे गावात मुक्काम करतात. होळीच्या सुमारास एकेक थवा परतीच्या वाटेला लागतो आणि मार्च सरता सरता गावाचे आकाश रिकामे होते.

करकोच्यांच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी. त्याचे जन्मस्थान मंगोलिया, कझाकस्तान व दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशांत. तेथील उन्हाळा तोकडा असतो. मादी बहुधा दोनच अंडी घालते. ती उबवण्यास सुमारे ४ आठवडे लागतात आणि पिलांच्या पंखांत उडण्याचे बळ येण्यास आणखी २ महिने. वसंतात पोहोचण्यास विलंब झाला, तर पिले थंडीपूर्वी प्रवासास समर्थ होत नाहीत. फार आधी पोहोचावे, तर बर्फाखाली अन्न नसते.

ऋतूप्रमाणे वाटही बदलते. मंगोलियातील कुरजांवर मागोवा घेणारी यंत्रे बसवून संशोधकांनी त्यांचा प्रवास नोंदविला आहे. शरद ऋतूत त्या हिमालय ओलांडून दक्षिणेस उतरतात. वसंतात मात्र पश्चिमेकडून, मध्य आशियातून, लांबचा वळसा घेऊन घरी परततात; कारण त्या काळात तिबेटचे पठार गारठलेले व उजाड असते, तर पश्चिमेच्या वाटेवर ऊब आणि हिरवळ आधी येते.

खीचनमध्ये कबुतरांना दाणे घालण्याची परंपरा होती. १९७०च्या दशकात रतनलाल मालू यांनी त्या दाण्यांवर उतरणाऱ्या मोजक्या कुरजांची निगा राखण्यास आरंभ केला. पुढे त्यांची संख्या हजारोंवर गेली आणि कुंपण घातलेले चुग्गाघर उभे राहिले. व्यापारानिमित्त दूरच्या शहरांत स्थायिक झालेली खीचनची जैन कुटुंबे आजही धान्यासाठी साहाय्य पाठवितात. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

परंतु केवळ धान्य पुरविल्याने जीवदयेचे कर्तव्य पूर्ण होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यातील कापरडा येथे बर्ड फ्लूने शंभराहून अधिक कुरजा दगावल्या. जेथे पक्षी दाटीने जमतात, तेथे असा रोग वेगाने पसरू शकतो. विजेच्या तारांना धडकूनही कुरजांचा जीव जातो. म्हणून दाणे स्वच्छ असावेत, तलावाचे पाणी निर्मळ राहावे, मृत पक्षी दिसताच वनखात्यास कळवावे आणि थव्यांच्या वाटेवर नव्या तारा येऊ नयेत, याची दक्षता दात्यांनीही घ्यावी.

आपल्या परंपरेने दयेबरोबर जयणाही शिकविली आहे. वर्षानुवर्षे वेळेवर येणाऱ्या या पाहुण्यांना मूठभर ज्वारीइतकीच त्या जयणेचीही गरज आहे. दोन्ही लाभल्या, तरच वसंतात परतीच्या वाटेला लागणारा थवा पूर्ण असेल.