बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर शेख

अमेरिकेत गिटार गळ्यात अडकवून, स्वतःच रचलेली गाणी गावोगाव गात फिरणाऱ्या गायकांची मोठी परंपरा आहे. वुडी गथ्री (१९१२–१९६७) हे त्यातलं ठळक नाव. आपल्याकडे त्याच काळात हेच काम शाहीर करत होते, फक्त गिटारीच्या जागी डफ होता.

आमच्या करमाळ्याच्या एका अंगाला बार्शी आणि दुसऱ्या अंगाला, भीमेपलीकडे, इंदापूर. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत मेहबूब हुसेन पटेल जन्माला आले. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबी यांच्याकडून मिळाला. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण या मुलुखात मराठी ओवीला धर्म विचारायची रीत नव्हती. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, संप, तुरुंग असं करत ते कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत पोहोचले. तिथेच ‘अमर शेख’ हे नाव त्यांना लागलं आणि ते कायमचं.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढलं. शाहिरी म्हणजे नुसतं मोठ्यानं गाणं नव्हे. शाहीर कडवं टाकतो, मागचे झीलकरी झील ओढतात. तेवढ्या उसंतीत शाहीर दम घेतो, समोरच्या माणसांचे चेहरे वाचतो आणि पुढचं कडवं कुठल्या चढावर टाकायचं ते ठरवतो. म्हणून ओळ आखूड लागते आणि शब्द खणखणीत. मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसाला अर्थ पोहोचला नाही, तर तिथली झीलच हरवते. अमर शेखांचा पहाडी आवाज याच कामाचा होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो आवाज सभांचा प्राण झाला. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड त्यांनी घरोघर नेली. मुंबईत राबणारा माणूस गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो आणि बघता बघता ते झुरणं बेळगाव, कारवारसारख्या तुटलेल्या मुलखासाठीचं होतं. शब्द अण्णा भाऊंचे, गळा अमर शेखांचा. ऐकणाऱ्यांनी दोघांत कधी फरक केला नाही. पण त्यामुळेच एक अन्यायही झाला. अमर शेख हे स्वतः कवी होते, ही गोष्ट मागे पडली. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह आज किती जणांनी चाळले असतील? ‘पहिला बळी’ हे नाटकही त्यांनी लिहिलं. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटातला त्यांचा अभिनय तेवढा जुन्या प्रेक्षकांना आठवतो.

गोवामुक्तीच्या लढ्यासाठी ते गायले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी तर त्यांनी डफ हाती घेऊन देशासाठी निधी गोळा केला. कम्युनिस्ट असून चीनविरुद्ध गायचं, हे त्या दिवसांत वाटतं तितकं सोपं नव्हतं.

१९६९ चा पावसाळा मराठी मैदानांना फार वाईट गेला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेख. वय अवघं बावन्न. अडीच महिन्यांत लेखणी, रचना आणि गळा असे तिन्ही गेले.

मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे आणि कन्या मल्लिका अमर शेख यांनी कवितेत स्वतःची वेगळी वाट काढली. आमच्या भागातल्या शाळांतल्या मुलांना मात्र मी एवढंच सुचवेन : ‘कलश’ मिळवा, मोठ्यानं वाचा आणि जमलं तर शेजारच्याला झील धरायला लावा.