कुत्र्याच्या डोळ्यातील लाल गोळा : कापावा की परत बसवावा?

पिल्लू वर्षाचेही झालेले नसते आणि एके सकाळी त्याच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात वाटाण्याएवढा लालभडक गोळा दिसतो. पशुवैद्यक त्याला ‘चेरी आय’ म्हणतात. घरच्यांना ती गाठ वाटते, आणि गाठ म्हटली की ‘कापून टाका’ हे शब्द आपसूक तोंडी येतात. वस्तुतः ती असते जागेवरून निसटलेली अश्रुग्रंथी.

कुत्र्याला दोन पापण्यांखेरीज कोपऱ्यात दडलेली तिसरी पापणी असते. तिच्या बुडाशी असलेली ही ग्रंथी डोळ्यातील पाण्याचा सुमारे ३० ते ५० टक्के भाग पुरवते. तिला धरून ठेवणारे बंध सैल पडले की ती वर उसळते. कॉकर स्पॅनियल, बुलडॉग, बीगल, ल्हासा अॅप्सो या जातींत हे अधिक आढळते, आणि एका डोळ्यामागोमाग दुसऱ्यालाही होण्याचा संभव असतो.

पूर्वी ही ग्रंथी सर्रास कापली जाई. डोळा लगेच स्वच्छ दिसे, सारेच समाधानी असत. परिणाम मात्र काही वर्षांनी प्रकट होई : डोळा कोरडा पडे, दाट चिकट चिपडे येत, बुबुळावरचा पारदर्शक पडदा काळवंडे व दृष्टी मंदावे. तोवर जुन्या शस्त्रक्रियेची आठवणही कोणाला उरलेली नसे.

आता ग्रंथी राखण्याकडे कल आहे, आणि तो योग्यच आहे. तिसऱ्या पापणीच्या आतील बाजूस ग्रंथीच्या दोन्ही अंगांना छेद देतात आणि बाहेरचे काठ तिच्यावर ओढून विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. ग्रंथी जणू खिशात बसते. शिवणीची टोके मुद्दाम उघडी ठेवतात, कारण आतल्या अश्रूंना वाट हवी. काही कुत्र्यांत ती पुन्हा वर येते व दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. उघडी पडलेली ग्रंथी सुजत व सुकत जाते, म्हणून फार दिवस थांबू नये. घरातील माणसांचे स्टेरॉइडयुक्त थेंब तर घालूच नयेत. उतारवयात प्रथमच असा गोळा दिसल्यास मात्र कर्करोगाची शंका घ्यावी लागते. तेथे ग्रंथी काढणेच योग्य ठरू शकते.

ज्यांची ग्रंथी आधीच गेली आहे, त्यांचे काय? शोषक कागदाची पट्टी एक मिनिट खालच्या पापणीत ठेवून अश्रू मोजता येतात. १५ मिलिमीटरपर्यंत ओल चढली तर ठीक, १० च्या खाली राहिली तर डोळा कोरडा पडत असल्याची शंका घ्यावी. सायक्लोस्पोरिनचे मलम उरलेल्या ग्रंथीला चालना देते. गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते बहुधा आयुष्यभर घालावे लागते.

तेही निष्फळ ठरले, तर एक विलक्षण शस्त्रक्रिया उरते. गालाच्या लाळग्रंथीची नलिका वरच्या दाढेजवळ तोंडात उघडते. नेत्रशल्यक तिचे तोंड सोडवून, त्वचेखालून नेऊन ते खालच्या पापणीच्या आत शिवतात. अश्रूंचे काम लाळ करू लागते. पडद्यावर क्षारांचे कण साचतात, म्हणून औषधे पुरती सुटत नाहीत. कुत्रा जेवायला बसला की डोळ्यातून धार लागते व तोंड ओले होते, तर एरवी डोळा कोरडा राहू शकतो. त्यामुळे अशा कुत्र्याला दिवसातून अनेकदा थोडे थोडे खायला देतात.